कॉफी गाळणी (कागदी आणि धातूची)

कॉफी गाळणी म्हणजे भाजून दळलेल्या कॉफीच्या पुडीवर गरम पाणी ओतले असता चोथा वर अडवून अर्क खाली उतरू देणारे साधन होय. घरगुती वापरात तिचे दोन मुख्य प्रकार आढळतात : एकदा वापरून टाकून द्यावयाची कागदी गाळणी आणि धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येणारी धातूची गाळणी. कापडी गाळणी हा तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. गाळणी कोणती वापरली यावर कॉफीची चव, तिच्यात उतरणाऱ्या तैलद्रव्यांचे प्रमाण, वर्षाचा खर्च आणि घरातून बाहेर पडणारा कचरा या चारही गोष्टी अवलंबून असतात. भारतात ‘फिल्टर कॉफी’ हे नाव धातूच्या गाळणीतून उतरवलेल्या कॉफीला रूढ आहे. वैद्यकीय लेखनात मात्र ‘गाळलेली कॉफी’ म्हणजे बहुधा कागदातून गाळलेली कॉफी असते. या नामसाधर्म्यामुळे होणारी गल्लत हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

शब्द आणि संज्ञा

‘गाळणे’ या क्रियापदापासून मराठीत गाळणी, गाळण, गाळ, गाळीव असे अनेक शब्द झाले आहेत. गाळण्याच्या सूक्ष्मतेनुसार भेद करण्याची पद्धतही भाषेत जुनी आहे. आयुर्वेदीय औषधांच्या कृतींत ‘वस्त्रगाळ’ चूर्ण म्हणजे कापडातून गाळून घेतलेली अतिशय बारीक पूड. चाळणीतून जे जाते ते सर्वच वस्त्रातून जात नाही, हे त्या एका शब्दात सांगितलेले आहे. कॉफीच्या गाळणीचा विचार करतानाही हाच भेद मुळाशी असतो.

या लेखात पुढील शब्द विशिष्ट अर्थाने वापरले आहेत. ‘अर्क’ म्हणजे पुडीतून उतरलेले काळे द्रव. बोलीत त्याला डिकॉक्शन म्हणतात. ‘चोथा’ म्हणजे अर्क निघून गेल्यावर उरलेली ओली पूड. ‘तवंग’ म्हणजे अर्कावर तरंगणारा तेलाचा पातळ थर, आणि ‘गाळ’ म्हणजे पेल्याच्या तळाशी बसणारे बारीक कण. कॉफीच्या बियांना जुन्या मराठीत बुंद किंवा बुंददाणे असा शब्द होता.

रचना आणि कार्य

कागदी गाळणी लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या जाड, सच्छिद्र कागदाची असते. तिचा आकार शंकूसारखा किंवा सपाट तळाच्या वाटीसारखा असतो आणि ती प्लॅस्टिक, चिनी माती, काच अथवा धातूच्या आधारपात्रात बसवतात. कागदातील तंतूंचे जाळे अतिशय दाट असते. त्यामुळे पुडीचे बारीक कण त्यात अडकतातच, शिवाय अर्काबरोबर आलेले तेलाचे सूक्ष्म थेंबही तंतूंना चिकटून राहतात. उतरलेला अर्क निवळ असतो आणि त्यावर तवंग दिसत नाही.

धातूच्या गाळणीचे दोन उपप्रकार आहेत. पहिला विणलेल्या बारीक जाळीचा शंकू. तो कागदाच्या जागी त्याच आधारपात्रात बसतो. दुसरा दक्षिण भारतीय पद्धतीचा दुहेरी डबा. त्यात एकावर एक बसणारी दोन भांडी असतात. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोके असतात. त्यात पूड घालून तिच्यावर दांडी लावलेली सच्छिद्र चकती दाबून बसवतात, वरून गरम पाणी ओततात आणि झाकण ठेवतात. अर्क थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात निथळतो. याला दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो.

धातूच्या जाळीची छिद्रे कागदाच्या छिद्रांपेक्षा कितीतरी पटींनी मोठी असतात. तरीही दुहेरी डब्यातून उतरलेला अर्क बऱ्यापैकी स्वच्छ असतो, कारण तेथे गाळण्याचे काम केवळ भोके करीत नाहीत. दाबून बसवलेला पुडीचा थरच गाळणीचे काम करतो. पाणी त्यातून हळूहळू झिरपते आणि बरेच कण व काही तेल त्या थरातच अडकून राहते. हाच थर सैल राहिला किंवा चमच्याने ढवळला गेला, तर अर्क भराभर उतरतो, पातळ होतो आणि गाळही अधिक येतो.

पुडीचे दळण गाळणीनुसार ठरते. कागदासाठी मध्यम, बारीक रव्यासारखे दळण चालते. फार बारीक पूड कागदाची छिद्रे बुजवते आणि पाणी वरच साचून राहते. जाळीच्या शंकूसाठी दळण किंचित जाड असावे लागते, अन्यथा पेल्यात गाळ उतरतो. दुहेरी डब्यासाठी बारीक ते मध्यम दळण वापरतात. चिकोरी मिसळलेली पूड पाण्यात फुगते आणि तिचा बराच अंश विरघळतो. त्यामुळे तिचा प्रवाह मंदावतो. दुहेरी डब्यात हा मंदपणा उपयोगी पडतो, कागदात मात्र अडचणीचा ठरतो. चिकोरी ही एका वनस्पतीच्या मुळाची भाजलेली पूड असून तिचा कॉफीच्या झाडाशी संबंध नाही. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते.

इतिहास

कॉफी उकळून, गाळ तळाशी बसू देऊन वरचे निवळ पिणे ही सर्वांत जुनी रीत होय. अरबस्तान आणि तुर्कस्तानातून ती युरोपात गेली. सुमारे १८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये दोन मजली, सच्छिद्र तळाचे भांडे प्रचारात आले. त्याचे श्रेय तेथील आर्चबिशप द बेलॉय यांना दिले जाते. दक्षिण भारतीय डबा याच तत्त्वावर चालतो.

कागदी गाळणीचा आरंभ जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झाला. तेथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने तळाला भोके पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीतील टिपकागद ठेवून त्यातून कॉफी गाळली. कडवटपणा आणि गाळ दोन्ही कमी झाल्याचे पाहून तिने २० जून १९०८ रोजी बर्लिनच्या पेटंट कार्यालयात या साधनाची नोंदणी केली आणि त्याच वर्षी आपली कंपनी स्थापन केली. आज परिचित असलेला शंकूच्या आकाराचा कागद १९३० च्या दशकात आला. १९४१ मध्ये पीटर श्लुम्बोम यांनी अमेरिकेत केमेक्स हे काचेचे पात्र तयार केले. त्यासाठी नेहमीपेक्षा जाड कागद वापरतात.

भारतात कॉफीचे बी बाबा बुदन या सूफी संताने सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून परतताना आणले आणि आजच्या चिक्कमगळुरू जिल्ह्यातील डोंगरांत लावले, अशी परंपरागत कथा आहे. व्यापारी लागवड ब्रिटिश काळात वाढली. १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे ‘इंडिया कॉफी हाउस’ सुरू झाले. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाची घडी बसली. पुढे ही कॉफीगृहे बंद करण्याचा निर्णय झाल्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती चालू ठेवली.

महाराष्ट्रात सातपुड्यातील चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातील ठिकाण कॉफीच्या मळ्यांसाठी ओळखले जाते. तरीही राज्यात कॉफी पिण्याच्या दोन वेगळ्या परंपरा दिसतात. मुंबईत माटुंगा परिसरात वस्ती केलेल्या दक्षिण भारतीय कुटुंबांनी आणि उडुपी उपाहारगृहांनी डब्यातील अर्काची कॉफी रुजवली. तेथील दुकानांत आजही बिया समोर दळून मिळतात आणि चिकोरी किती हवी हे गिऱ्हाइकाला विचारले जाते. दुसरी परंपरा मराठी घरातील आहे. तीत दूध, पाणी, साखर आणि पूड एकत्र उकळून, वर जायफळ किंवा वेलदोडा घालून, चहाच्याच गाळणीतून कॉफी गाळतात. झटपट विरघळणारी कॉफी आल्यावर ही रीत मागे पडली; पण जुन्या पद्धतीने पूड उकळणारी घरे अजूनही आहेत.

चवीतील फरक

कागदातून गाळलेली कॉफी हलकी, निवळ आणि तोंडात न रेंगाळणारी असते. बियांच्या मूळ वासातील फळांसारख्या वा फुलांसारख्या छटा तिच्यात स्पष्ट जाणवतात. धातूच्या गाळणीतून तेल आणि अतिसूक्ष्म कण उतरत असल्याने कॉफी दाट लागते, चव जिभेवर टिकते आणि भाजण्याचा वास अधिक येतो. नव्या कागदाला स्वतःचा किंचित वास असतो. पूड घालण्यापूर्वी कागदावर गरम पाणी ओतून ते टाकून दिल्यास तो जातो.

हा फरक बिनदुधाच्या कॉफीत ठळक असतो. दूध घातल्यावर दुधातील स्निग्धांशाने दाटपणा येतोच. त्यामुळे गाळणी कोणती हा प्रश्न चवीपुरता गौण ठरतो आणि अर्क किती कडक आहे हे महत्त्वाचे ठरते. कागदी गाळणीत साधारणपणे एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड घेतात. असा अर्क बिनदुधाचा पिण्यासाठी योग्य असतो. त्यात निम्मे दूध घातल्यास कॉफी पांचट होते. दुहेरी डब्यात पाण्याच्या मानाने पूड कितीतरी जास्त असते आणि अर्क थोडाच, पण कडक निघतो. तो भरपूर दूध सहन करतो. म्हणून दुधाची कॉफी पिणाऱ्याने कागद वापरायचा ठरवल्यास पूड वाढवावी किंवा पाणी कमी करावे लागते.

पाण्याचे तापमान ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावे असे सामान्यतः सांगितले जाते. समुद्रकाठच्या गावात पाणी १०० अंशांना उकळते. म्हणून उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून ओतणे सोयीचे. चिखलदऱ्यासारख्या सुमारे अकराशे मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे थांबण्याची गरज उरत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने

कॉफीतील तैलद्रव्ये

कॉफीच्या बीमधील तेलात कॅफेस्टॉल आणि काह्वेऑल ही दोन द्रव्ये असतात. ती रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात. त्यांतही कॅफेस्टॉल अधिक प्रभावी आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. कॅफेस्टॉलमुळे ही क्रिया मंदावते आणि कोलेस्टेरॉल रक्तात साचते. कॉफीत कोलेस्टेरॉल नसते, तरी ती ते वाढवू शकते, याचे कारण हे आहे. कॅफिनचा या परिणामाशी संबंध नाही. गाळणी बदलल्याने कॅफिनच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही.

या संबंधाकडे लक्ष वेधले ते नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील हृदयविकारविषयक पाहणीने. तेथे भरड पूड पाण्यात उकळून पिण्याची रीत होती. कॉफी अधिक पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल अधिक असल्याचे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे नेदरलँड्समधील संशोधकांनी कारणीभूत द्रव्ये ओळखली आणि कागद ती अडवतो हे दाखवले. त्यांच्या मापनानुसार उकळलेल्या, तुर्की पद्धतीच्या आणि दट्ट्याच्या भांड्यातील कॉफीत या द्रव्यांचे प्रमाण कपाला साधारण ६ ते १२ मिलिग्रॅम असते. कागदातून गाळलेल्या आणि झटपट कॉफीत ते ०.२ ते ०.६ मिलिग्रॅम इतके अल्प असते. रोज १० मिलिग्रॅम कॅफेस्टॉल पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅमने वाढते, असा त्यांचा अंदाज आहे.

नॉर्वेतीलच ५,०८,७४७ स्त्री-पुरुषांचा सरासरी २० वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाळलेली कॉफी पिणाऱ्यांचे मृत्युप्रमाण कॉफी न पिणाऱ्यांपेक्षाही कमी आढळले. न गाळलेली कॉफी पिणाऱ्या साठ वर्षांवरील पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक दिसले. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास असल्याने त्यावरून संबंध कळतो. कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही.

‘फिल्टर कॉफी’ या नावाची गल्लत

वरील सर्व अभ्यासांत ‘गाळलेली’ म्हणजे कागदातून गाळलेली कॉफी अभिप्रेत आहे. वृत्तपत्रांतून असे निष्कर्ष ‘फिल्टर कॉफी हृदयाला हितकर’ अशा मथळ्याने आले, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे स्टीलचा डबा आणि वाटी-पेला उभा राहतो. हा अर्थ बरोबर नाही. सिंगापूर, इंडोनेशिया आणि भारत येथील कॉफींचे पृथक्करण करणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंडोनेशियातील उकळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल भरपूर आढळले. धातूच्या जाळीतून गाळलेल्या दक्षिण आशियाई कॉफीत ते मध्यम होते. आणि सिंगापूरच्या दुकानांत कापडी पिशवीतून गाळलेल्या कॉफीत ते कागदाइतकेच अल्प होते.

मराठी घरातील उकळलेल्या कॉफीची गणना यांपैकी पहिल्या वर्गात करावी लागते. चहाची गाळणी चोथा अडवते, पण तेल अडवत नाही. ‘आम्ही कॉफी गाळूनच पितो’ हे विधान व्यवहारात खरे असले, तरी आरोग्याच्या अर्थाने ते खरे ठरत नाही.

प्रमाणाचे भान

भारतीय पेला लहान असतो, त्यात दूध बरेच असते आणि पुडीत चिकोरीही असू शकते. चिकोरीत ही तैलद्रव्ये नसतात. म्हणून पेल्यांपेक्षा दिवसाकाठी पोटात जाणाऱ्या कॉफीच्या पुडीचा हिशेब धरणे योग्य. दिवसातून एखादा पेला घेणाऱ्या निरोगी व्यक्तीच्या बाबतीत गाळणीचा परिणाम नगण्य राहतो. रोज तीन-चार वेळा कडक कॉफी घेणारे, कोलेस्टेरॉल वाढलेले किंवा हृदयविकारावर उपचार घेणारे यांच्या बाबतीत मात्र तो विचारात घेण्याजोगा असतो. अशा व्यक्तींच्या कॉफीतील दुधाची साय आणि साखर यांचाही त्याच वेळी विचार व्हावा लागतो. केवळ गाळणी बदलून सायीचे दूध तसेच ठेवल्यास लाभ थोडाच. रक्ततपासणीच्या वेळी आपण कॉफी कोणत्या पद्धतीने करतो हे डॉक्टरांना सांगणे उपयुक्त ठरते.

खर्च

धातूच्या गाळणीचा खर्च एकदाच होतो. स्टीलचा डबा नीट सांभाळल्यास वर्षानुवर्षे टिकतो. कागदाचा खर्च रोजचा असतो. दिवसातून एकदा कॉफी करणाऱ्या घराला वर्षाला ३६५ आणि दोनदा करणाऱ्या घराला ७३० कागद लागतात. एका कागदाच्या किमतीला या संख्येने गुणले असता वर्षाचा खर्च कळतो. एक कागद ३ रुपयांना पडतो असे उदाहरणादाखल धरल्यास तो अनुक्रमे १,०९५ आणि २,१९० रुपये होतो. कागदासाठी आधारपात्रही घ्यावे लागते. उलट धातूची गाळणी धुण्यास पाणी, साबण आणि वेळ लागतो. लहान गावांत कागद दुकानात सहज मिळत नाहीत. ते शहरातून किंवा टपालाने मागवावे लागतात. त्यामुळे साठा संपला की कॉफीच थांबते, ही कागदाची व्यावहारिक उणीव आहे.

कचरा आणि पर्यावरण

कागदी गाळणी चोथ्यासह खतात जाऊ शकते. कागद ओला होऊन फाटतो, गांडुळे आणि सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात. पांढरे कागद पूर्वी क्लोरीनने शुभ्र करीत. डायॉक्सिन या विषारी द्रव्याबद्दल १९८० च्या दशकात चिंता निर्माण झाल्यावर अनेक उत्पादकांनी ऑक्सिजनवर आधारित प्रक्रिया स्वीकारल्या. तपकिरी कागद शुभ्र केलेले नसतात; त्यांना कागदाचा वास मात्र थोडा अधिक असतो.

धातूची गाळणी घडवताना खनिज आणि ऊर्जा बरीच खर्च होते. परंतु ती दीर्घकाळ वापरली तर हा भार हजारो पेल्यांवर विभागला जातो. थोडे दिवस वापरून माळ्यावर टाकलेली धातूची गाळणी हा लाभ गमावते. म्हणून धातूच्या गाळणीचे पर्यावरणीय मूल्य तिच्या सलग वापरावर अवलंबून आहे.

दोन्ही प्रकारांत चोथा सारखाच निघतो आणि वजनाने तोच कचऱ्याचा मोठा भाग असतो. कागदातील चोथा उचलून टाकणे सोपे. धातूच्या गाळणीतील चोथा पुष्कळदा मोरीत धुतला जातो; तो नळीत साचून सांडपाणी तुंबवतो. गाळणी उपडी करून चोथा आधी काढून घ्यावा आणि मगच ती धुवावी. चोथ्यात सुमारे दोन टक्के नत्र असते. वाळलेला पाला आणि शेण यांत मिसळून त्याचे चांगले खत होते. झाडाच्या बुंध्याशी त्याचा जाड थर दिल्यास तो वाळून कवच धरतो आणि पाणी मुरू देत नाही. म्हणून तो मातीत कालवणे आवश्यक. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरातच कचऱ्याचे ओला, सुका आणि घातक असे वर्गीकरण सांगितले. कॉफीचा चोथा आणि त्याचा कागद ओल्या कचऱ्यात मोडतात.

किनारी भागातील वापर : धाकटी डहाणू आणि परिसर

धाकटी डहाणू हे पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे मासेमारीचे गाव आहे. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यात घराघरांत चहाच मुख्य पेय आहे आणि गवती चहाची पात घालण्याची रीत सर्वत्र आहे. २०१३ पासून मुंबईची उपनगरी रेल्वे डहाणू रोडपर्यंत धावू लागली. शहराशी जाणे-येणे असलेल्या घरांना मुंबईतील दुकानांतून ताजी पूड आणि गाळण्या आणणे त्यामुळे सोपे झाले आहे.

अशा किनारी गावात गाळणी निवडताना तीन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली दमट हवा. पावसाळ्यात उघडा ठेवलेला कागदाचा गठ्ठा सर्द होतो, त्याला बुरशीचा वास लागतो आणि तो वास थेट कॉफीत उतरतो. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून आणि सुकट-बोंबलांपासून दूर ठेवावे लागतात. कागद वास फार लवकर ओढून घेतो. पुडीचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट खारे पाणी. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी मचूळ असते. अशा पाण्यातील क्लोराइडमुळे स्टीलवर बारीक खड्डे पडू शकतात, विशेषतः ओली गाळणी तशीच ठेवली तर. कमी निकेलच्या स्वस्त स्टीलला हा धोका अधिक. जाळीची गाळणी धुतल्यावर शेवटी पिण्याच्या पाण्याने खंगाळून, पुसून कोरडी केल्यास ती टिकते. मचूळ पाण्यात केलेली कॉफी कोणत्याही गाळणीतून चांगली लागत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

तिसरी गोष्ट कचऱ्याची विल्हेवाट. डहाणू तालुका केंद्र सरकारच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. ही बंधने उद्योगांसाठी आहेत, घरगुती वापरासाठी नाहीत. पण ज्या गावात परसू, वाडी किंवा चिकूची बाग आहे तेथे कागद आणि चोथा दोन्ही जागच्या जागी जिरवता येतात. दाट वस्तीच्या कोळीवाड्यात, जेथे परसाची जागा नसते, तेथे कागदाचा कचरा वाढवण्यापेक्षा धातूची किंवा कापडी गाळणी अधिक सोयीची ठरते.

कापडी गाळणी

स्वच्छ मलमलीचे किंवा सुती पातळ कापड ही सर्वांत स्वस्त गाळणी होय. ती तेल बऱ्याच अंशी अडवते आणि पुन्हा वापरता येते. तिची खरी परीक्षा धुण्यात आहे. कापडात मुरलेले तेल काही दिवसांत खवट होते आणि ओलसर कापडाला आंबूस वास येतो. वापरानंतर चोथा झटकून कापड साध्या पाण्याने चोळून धुवावे, आठवड्यातून एकदा पाण्यात उकळावे आणि उन्हात कडकडीत वाळवावे. सुगंधी साबण वापरू नये. पावसाळ्यात ऊन नसताना दोन कापडे आलटून पालटून वापरणे हिताचे. कापड काळे-तपकिरी होणे स्वाभाविक आहे. वास येऊ लागला तर मात्र ते बदलावे.

दुहेरी डब्यातून उतरलेला अर्क अशा कापडातून पुन्हा गाळता येतो. असे केल्याने कडकपणा फारसा न घटता गाळ आणि तवंग कमी होतात. डब्याची चव सोडवत नाही, पण कोलेस्टेरॉलची काळजी आहे, अशांसाठी हा मध्यममार्ग आहे. त्याच हेतूने डब्याच्या तळाशी भोकांवर कागदाची गोल चकती कापूनही ठेवतात.

देखभाल

धातूच्या गाळणीची भोके कॉफीच्या तेलाने आणि बारीक कणांनी हळूहळू बुजतात. अर्क उतरण्यास नेहमीपेक्षा फार वेळ लागू लागला, की हे ओळखावे. भोके उजेडाकडे धरून पाहावीत. बुजलेली भोके मऊ ब्रशाने साफ करावीत. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात गाळणी काही वेळ बुडवून ठेवल्यास चिकट थर सुटतो. टाचणीने भोके कोरल्यास ती मोठी होतात आणि गाळ उतरू लागतो. पितळी डब्याला आतून कल्हई असावी व ती उडाल्यास पुन्हा करून घ्यावी, कारण कॉफी किंचित आम्लधर्मी असते. कागदी गाळणीत देखभाल केवळ आधारपात्राची असते. एकदा वापरलेला कागद धुऊन पुन्हा वापरल्यास तो फाटतो आणि तेलाचा खवट वास येतो.

निवड

कोणती गाळणी श्रेष्ठ, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. कोलेस्टेरॉल वाढलेले असून कॉफी दिवसातून अनेक वेळा घेतली जात असेल, तर कागद किंवा स्वच्छ कापड अधिक योग्य. दुधाची कडक कॉफी आवडत असून ती दिवसातून एखाद्या वेळीच होत असेल, तर स्टीलचा दुहेरी डबा चवीला, खर्चाला आणि कचऱ्याच्या दृष्टीनेही सोयीचा. बिनदुधाची निवळ कॉफी हवी असेल, तर कागदाला तोड नाही. जाळीचा शंकू कागदाचा खर्च वाचवतो, पण तेल अडवण्याच्या बाबतीत त्याला कागदाचा पर्याय समजता येत नाही; कागद सोडून जाळीकडे वळताना हे लक्षात घ्यावे लागते. आणि ज्या घरात पूड थेट दुधा-पाण्यात उकळली जाते, तेथे वरीलपैकी कोणतीही गाळणी आणली तरी कॉफीतील तैलद्रव्ये आजच्यापेक्षा कमीच होतात.